दुसऱ्या घरातली प्रत

‘बॅकअप’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे, की त्याला मराठी शब्द शोधायची गरज कुणाला वाटत नाही. पण जुना, सोपा शब्द आपल्याजवळ आहेच. दुसरी प्रत. मूळ वस्तू गेली तरी अडू नये म्हणून मुद्दाम करून ठेवलेली प्रत. कोर्टकचेरीत खेटे घातलेल्या माणसाला तिचं महत्त्व सांगावं लागत नाही. अर्जाची पोच, दस्ताची नक्कल, भाडेपावतीची झेरॉक्स तो वेगळ्या फाइलीत जपून ठेवतो. हाच सावध माणूस संगणकापुढे बसला की मात्र निर्धास्त होतो. पडद्यावर दिसतंय ना, मग ते आहे, असं तो धरून चालतो.

हा विषय इंजिनिअरांचा, त्यावर कविता लिहिणाऱ्यानं का बोलावं, असं कुणी विचारील. त्याचं कारण साधं आहे. संगणक बिघडला तर दुसरा विकत मिळतो. आत लिहिलेलं मिळत नाही. त्याचं बिल नसतं, त्याला गॅरंटी नसते आणि त्याचा विमाही बहुतेक कुणी उतरवलेला नसतो.

मी राहतो त्या कसबा पेठेत संगणक आता घरोघरी आहे. तांबट आळीतल्या कारागिराकडे ऑर्डरींचा हिशेब आणि भांड्यांचे फोटो असतात. गणपती मंडळाच्या खजिनदाराकडे वर्गणीची यादी असते. शिकवणी घेणाऱ्या बाईंकडे वर्षानुवर्षं तयार केलेल्या प्रश्नपत्रिका असतात. कुणी वाड्याचे जुने कागद स्कॅन करून ठेवलेले असतात, कुणी आजीच्या तोंडच्या ओव्या ध्वनिमुद्रित केलेल्या असतात. यातल्या कुणालाही विचारा, ‘याची दुसरी प्रत कुठे आहे?’ बहुतेक जण त्याच संगणकाकडे बोट दाखवतील.

आमच्या जवळच्याच एका वहिनींचे यजमान वारले. त्यांचा आवाज एकाच ठिकाणी होता, त्यांच्या मोबाइलमध्ये. नातवाला सांगितलेल्या तीन गोष्टी. मोबाइल चालेना म्हणून दुरुस्तीला दिला. तो छान चालू होऊन परत आला, पण आतून रिकामा. दुरुस्ती करणाऱ्यानं त्याच्या समजुतीप्रमाणे काम चोख केलं होतं. वहिनी फोन हातात घेऊन एवढंच म्हणाल्या, ‘तो बंद होता तेच बरं होतं.’

फायली नाहीशा होतात त्या मुख्यतः तीन वाटांनी. या तीन वाटा नीट समजल्या, की उपाय आपोआप सुचतात, आणि ते किती स्वस्त आहेत हेही कळतं.

पहिली वाट यंत्राची. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात, आणि वाचणारं टोक त्यांच्यापासून केसापेक्षाही कमी अंतरावर तरंगत असतं. एक धक्का, एक झीज, की खेळ संपला. नव्या एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे ती धक्क्याला टिकते. पण ती बिघडते तेव्हा पुष्कळदा खरखर, टकटक अशी कुठलीही सूचना न देता बिघडते. बिघडलेल्या डिस्कमधून मजकूर काढून देणारे लोक असतात. मात्र त्याचा खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट होऊ शकतो, आणि यशाची खात्री नसते.

दुसरी वाट माणसाच्या हाताची. नको ती फाइल पुसली जाते, किंवा जुन्या मजकुरावर नवा मजकूर त्याच नावानं साठवला जातो. यातच परक्या माणसाचा हातही धरायचा. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमनं जगभरातल्या संगणकांतल्या फायली कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. ब्रिटनमधल्या रुग्णालयांचं कामही त्यात अडकलं. असे प्रोग्रॅम संगणकाला जोडून ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवरच्या फायलींनाही कुलूप लावतात. म्हणून प्रत घेऊन झाली की ती डिस्क काढून ठेवायची. कायम जोडलेली डिस्क ही आणखी एक खोली झाली, वेगळं घर नव्हे.

तिसरी वाट जागेची. चोरी, आग, पाणी. पुण्याला हे वेगळं सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचं बांधकाम चालू असलेलं धरण फुटलं, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचं धरणही टिकलं नाही, आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांमध्ये शिरलं. कसबा पेठ त्यातलीच. माझा जन्म त्यानंतरचा. पण पाणी कुठवर आलं होतं हे वडीलधारी माणसं हात वर करून दाखवायची, ते पाहतच आमची पिढी वाढली. मातीच्या भिंती विरघळल्या, त्यांच्याबरोबर ट्रंका, चोपड्या, तसबिरी गेल्या. कपाटात एका कागदाच्या दोन नकला असल्या तर दोन्ही एकदमच भिजल्या. ज्यांची एखादी नक्कल गावाकडे भावाच्या घरी होती, त्यांची तेवढी राहिली.

हे जुनं झालं असं म्हणायची सोय नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी घराघरांत घुसलं. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीतल्या इमारतींचे तळमजले पाण्यात गेले. अशा वेळी माणूस मुलांना आणि म्हाताऱ्यांना बाहेर काढतो. टेबलाखालचा संगणक कोण उचलणार?

म्हणून प्रतींचा नियम आकडेमोडीत बांधलेला आहे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी डिजिटल छायाचित्रं जपण्याविषयी लिहिताना तो मांडला, आणि पुढे तो ३-२-१ या नावानं जगभर पसरला. महत्त्वाच्या फाइलीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत दुसऱ्या जागी असावी. त्यातला शेवटचा ‘एक’ सगळ्यात मोलाचा, आणि लोक नेमका तोच गाळतात.

नियमाला आकडे नवे मिळाले असले तरी शहाणपण जुनं आहे. इ. स. ६३३ च्या सुमारास यमामाच्या लढाईत कुराण मुखोद्गत असणारे अनेक जण कामी आले. तेव्हा पहिले खलिफा हजरत अबू बकर यांनी झैद बिन साबित यांच्याकडून लिखित संहिता तयार करवून घेतली, आणि तिसरे खलिफा हजरत उस्मान यांनी तिच्या प्रती करून निरनिराळ्या शहरांना धाडल्या, असं परंपरा सांगते. पाठांतर आणि लेखन ही दोन साधनं झाली, आणि जागा अनेक झाल्या. आपल्या मराठीतलं उदाहरण ‘लीळाचरित्रा’चं. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा करून हा ग्रंथ सिद्ध केला. पुढच्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, म्हणून आज तिचे निरनिराळे पाठ सापडतात. ग्रंथ वाचला तो माणसांच्या डोक्यात दुसरी प्रत होती म्हणून. आपल्या संगणकातल्या फायली मात्र कुणाला पाठ नसतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिलं काम निवडीचं, आणि त्याला पैसा लागत नाही. फायलींचे दोन ढीग करा. पुन्हा मिळणारं आणि पुन्हा न मिळणारं. सिनेमे, उतरवून घेतलेली गाणी आणि प्रोग्रॅम पुन्हा मिळतात. आधार किंवा वाहन परवाना २०१५ पासून सुरू असलेल्या डिजिलॉकरमधून पुन्हा काढता येतो, डिजिटल सहीचा सातबाराही ऑनलाइन मिळतो. मग उरतं ते घरचं. स्वतः लिहिलेलं, स्वतः टिपलेलं, हिशेब, पत्रव्यवहार, जुन्या कागदांची स्कॅनं, आवाज. हे सगळं एका फोल्डरमध्ये आणा. दहा ठिकाणी विखुरलेल्या फायलींची प्रत कधीच पूर्ण होत नाही.

हा ढीग वाटतो तेवढा मोठा नसतो. युनिकोडमधलं देवनागरी अक्षरचिन्ह साठवायला साधारणपणे तीन बाइट लागतात. या हिशेबानं असं एक भाषण साध्या मजकुराच्या रूपात चाळीसएक केबीत मावतं, म्हणजे एका जीबीत पंचवीस हजार भाषणं. आयुष्यभराचं लेखन लहानातल्या लहान पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात बसेल. जागा खातात ते फोटो आणि त्याहून व्हिडिओ. चार एमबीचा एक फोटो धरला तर एका जीबीत अडीचशे फोटो. म्हणून लेखन आणि कागद यांची प्रत आधी घ्या, फोटो त्यानंतर. सगळं एकदम करायला बसलं की काहीच होत नाही.

साधनांपैकी सगळ्यात स्वस्त पेनड्राइव्ह. काही शे रुपयांत मिळतो आणि खिशात मावतो. तेच त्याचे दोषही आहेत. तो हरवतो, धुण्यात जातो, आणि वर्षानुवर्षं पडून राहिला तर आतला मजकूर धूसर होऊ शकतो. ने-आण करायला आणि दुसऱ्या घरी ठेवायला तो उत्तम, पण एकमेव प्रत म्हणून भरवशाचा नाही. घेताना एक सावधगिरी बाळगा. तपकीर गल्लीत घ्या किंवा घरबसल्या मागवा, पण पाचशे रुपयांत दोन टीबी असं कुणी सांगितलं तर पुढे चला. अशा नकली पेनड्राइव्हवर क्षमता मोठी दिसते, आणि थोडं भरल्यावर नव्या फायली जुन्यांवर चढत जातात. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

दुसरं साधन संगणकाला बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. किंमत काही हजार रुपये, पण एकदाच, आणि घरातल्या सगळ्यांचं तिच्यावर मावतं. विंडोजमध्ये ‘फाइल हिस्टरी’ आणि मॅकमध्ये ‘टाइम मशीन’ अशी सोय मुळातच असते. डिस्क जोडली की ती बदललेल्या फायली स्वतःहून उतरवून घेते आणि जुनी रूपंही ठेवते. कालची कविता आज बिघडवली तर कालची परत मिळते. वेगळा प्रोग्रॅम विकत घ्यायची गरज नाही. दोन भाऊ किंवा दोन मैत्रिणी यांनी मिळून दोन डिस्का घ्याव्यात, आणि माझी तुझ्याकडे, तुझी माझ्याकडे ठेवावी. एक कोथरूडला, एक कसब्यात. भाडं नाही, इंटरनेट नाही. खासगी मजकूर असेल तर ‘सेव्हन-झिप’सारख्या फुकट प्रोग्रॅमनं फोल्डरला सांकेतिक शब्दाचं कुलूप घालून द्यावं.

तिसरं साधन इंटरनेटवरची साठवण, म्हणजे क्लाउड. गूगल १५ जीबी जागा फुकट देतं, मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह ५ जीबी. दुसऱ्या जागेची प्रत यानं आयती साधते, पुणं बुडालं तरी ती बुडत नाही. गूगलच्या १५ जीबीत मेल, फोटो आणि ड्राइव्ह असे तिघे वाटेकरी आहेत, हे लक्षात ठेवा. आणि एक फरक पक्का समजून घ्या. संगणक आणि क्लाउड एकमेकांशी जुळवून ठेवणारी जी सोय असते, तिला ‘सिंक’ म्हणतात. ती आरशासारखी असते. इथे फाइल पुसली की तिथूनही पुसली जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती तीस दिवस राहते, मग कायमची जाते. दोन महिन्यांनी आठवण झाली तर आरसा रिकामाच. शिवाय दोन वर्षं खातं उघडलंच नाही, तर गूगल ते आतल्या मजकुरासकट काढून टाकू शकतं. म्हणून क्लाउड ही तीनांतली एक प्रत, तिन्ही नव्हेत.

चौथं साधन कागद. हसू नका. निवडक मजकूर चांगल्या कागदावर छापून बाइंडिंग करून ठेवला तर तो वाचायला वीज लागत नाही, प्रोग्रॅम लागत नाही. जी कविता, जे पत्र, जो हिशेब जायलाच नको, त्याची एक छापील प्रत असू द्या. सीडी-डीव्हीडीवर मात्र आता विसंबू नये. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगथर काळानं खराब होतो, आणि नव्या लॅपटॉपमध्ये ती घालायला खाच बहुधा नसतेच. सोनीनं २०११ मध्ये फ्लॉपी बनवणं थांबवलं. कपाटात अजून फ्लॉपी आणि सीडी असतील, तर जिथे त्या वाचणारं यंत्र असेल तिथे जाऊन आतलं उतरवून घ्या.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास मुद्दा आहे. फाइल सुरक्षित असणं आणि ती वाचता येणं या दोन गोष्टी वेगळ्या. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही आपण श्रीलिपी, आकृती अशा फाँटांत टाइप केलं. तेव्हाच्या अशा फाँटांत प्रत्येकाची अक्षरांची मांडणी आपापली असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली, की मराठीच्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. मजकूर शाबूत, पण निरुपयोगी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे आणि आज मोबाइलपासून सगळीकडे तीच चालते. जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात. जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घालावे लागतात, पण काम होतं. तोवर निदान, फाँट असलेल्या संगणकावरून त्या फाइलीची पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फाँट आतच गोवता येतो, त्यामुळे मजकूर डोळ्यांना तरी वाचता येतो.

कुलपाचंही असंच. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहिले, त्यातली सकळ लिपी प्रसिद्ध आहे. पोथ्या राहिल्या, पण किल्ली पंथापुरतीच असल्यानं बाहेरच्या मराठी वाचकाला त्या कित्येक शतकं बंद होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली. आपल्या पासवर्डाला राजवाडे मिळायचे नाहीत. म्हणून पासवर्ड कागदावर लिहून दागिन्यांच्या किंवा दस्तांच्या जागी ठेवा, आणि घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला ती जागा सांगा. आपण काही महिने खात्यात फिरकलोच नाही तर त्यातला मजकूर कुणाला मिळावा, हे नेमून ठेवायची सोय गूगलमध्ये आहे. ती दहा मिनिटांत होते.

शेवटचा मुद्दा तपासणीचा. १९९८ मध्ये पिक्सार या अमेरिकी कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचं काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेनं त्याच्या फायली पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट घेतला जात नव्हता, हे नेमकं त्याच दिवशी कळलं. चित्रपट वाचला तो तिथल्या एका तांत्रिक दिग्दर्शिकेमुळे. बाळंतपणानंतर घरून काम करता यावं म्हणून तिनं घरी एक प्रत नेली होती. केवढी मोठी कंपनी, आणि तिला तारलं दुसऱ्या घरातल्या प्रतीनं. तेव्हा प्रत घेतली की तिच्यातल्या दोन-चार फायली उघडून पाहा, शक्यतो दुसऱ्याच संगणकावर. उघडून न पाहिलेली प्रत आहे असं धरू नका.

हे सगळं लक्षात कसं राहावं? आपल्याकडे सवयी तारखेला आणि सणाला बांधलेल्या असतात, तिथेच हीही बांधा. वीजबिल भरायच्या दिवशी डिस्क जोडून प्रत घ्यायची आणि डिस्क काढून कपाटात ठेवायची. दसऱ्याला आपल्याकडे हत्यारं, यंत्रं, वह्या पुसून त्यांना झेंडूची फुलं वाहतात. आता संगणकालाही वाहतात, आमच्या पेठेत मी ते दरवर्षी पाहतो. त्या दिवशी सगळ्या प्रती उघडून तपासायच्या आणि दुसऱ्या घरची डिस्क बदलून आणायची.

खर्चाचा ताळा करू. दोन घरांत मिळून दोन डिस्का, एक पेनड्राइव्ह, क्लाउडची फुकट जागा, आणि महिन्यातला अर्धा तास. डिस्क आज परवडत नसेल तर पेनड्राइव्ह आणि क्लाउड एवढ्यावरही सुरुवात होते. संगणकात एक, पेनड्राइव्हवर एक, क्लाउडवर एक, म्हणजे तीन प्रती झाल्याच. आज रविवार आहे. जी एक फाइल गेली तर सगळ्यात जास्त चुटपुट लागेल, तेवढी आधी शोधा आणि दुसऱ्या घरी राहणाऱ्या आपल्या माणसाला मेलनं पाठवून द्या. बाकीच्या फायलींचं पुढच्या रविवारी पाहा.